बारावा बाहुला

आमच्या घरात ऊन येणारी खिडकी एकच आहे, मागच्या खोलीची. तिच्यावर माझ्या नवऱ्याने काळं कापड लावून चारी बाजूंनी खिळे ठोकले होते. वीसेक वर्षं ते तिथे होतं. कपडे मी बोळात वाळत घालायची आणि ते वाळायच्या आधी कुबट व्हायचे. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दिवसभर उभं राहून लोकांच्या पँटींना इस्त्री करायची, वाफेने चिंब होऊन घरी यायचं, आणि घरी भर दुपारीही दिवा लावायचा. मेक्सिको शहरात फुकट मिळणारी एकच गोष्ट म्हणजे ऊन, आणि तेवढंही माझ्या नशिबी नव्हतं.

कारण विचाराल तर बाहुले. आम्ही लहान होतो तेव्हा टीव्हीवर संध्याकाळी 'शनीपलीकडचे पहारेकरी' लागायचं. एक अंतराळयान, त्यात बारा जण, आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह, पण दगड मात्र तेच. यानाला धक्का बसला की सगळे नट एकदम डावीकडे कलायचे, एखादा चुकून उजवीकडे. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण मालिका संपली आणि मी ती विसरले. रोहेलियो विसरला नाही.

त्या बारा जणांचे वीतभर उंचीचे बाहुले आमच्याच शहरातल्या एका कारखान्याने काढले होते. दोन-तीन वर्षांत कारखाना बंद पडला. रोहेलियोकडे लहानपणी त्यातले तीन होते, ते त्याच्या आईने घर बदलताना कुणाला तरी देऊन टाकले. सासूबाईंनी तेवढं एक काम केलं नसतं तर माझा संसार उजेडात झाला असता.

आमचं लग्न झाल्यावर काही वर्षांनी त्याला हे वेड लागलं. हप्ताभर लोकांची कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करायची आणि रविवार उजाडला की जुन्या बाजारात जायचं. तिथे जमिनीवर पसरलेल्या चादरींवर गंजलेले नळ, एकेकटे बूट, मुंडकी नसलेल्या बाहुल्या. त्या ढिगात हात घालून हा तासन्‌तास बसायचा. कुणाच्या तरी परसात ओतलेले नकली बाहुलेही असायचे. ते हा नाकाला लावून वास घेऊन ओळखायचा, आणि मी चार पावलं मागे सरून अनोळखी बाईसारखी उभी राहायची. असं करत करत अकरा जमले. उन्हाने प्लास्टिक पिवळं पडतं, म्हणून खिडकीला कापड. प्रत्येकाला वेगळी पेटी, पेटीत मऊ कागद. मला त्या घरात साधं कपाट नव्हतं.

राहिला होता बारावा, कप्तान वेलार. चंदेरी पोशाख, पाठीवर निळा झगा. कारखान्याने त्याला लावलेला चंदेरी रंग इतका कच्चा होता की पोरं दोन दिवस खेळली की खांद्यांवरून, गुडघ्यांवरून उडून जायचा. म्हणून रंगासकटचा वेलार कुणाकडे उरलाच नव्हता. आणि या लोकांना मूळचा रंग लागतो. पुन्हा रंगवलेला बाहुला म्हणजे, रोहेलियोच्या भाषेत, मढं.

मोंतेरेचे एक इंजिनियर त्रेविन्यो म्हणून होते, त्यांनी अख्खा संच मागितला होता. बारा असतील तर या, अकरा असतील तर फोनही करू नका, असं त्यांचं म्हणणं. रोहेलियोने मला शब्द दिला होता.

"म्हातारे, बारावा मिळू दे. सगळे त्यांना देऊन टाकतो आणि खिडकी तुझी."

"आणि मग तेरावा निघाला तर?"

"तेरावा नाहीच. बारा झाले की संपलं. मीही दमलोय गं."

तो दमलाय हे मला पटत होतं, म्हणून मी थांबले. मला इंजिनियरचे पैसे नको होते. त्या खिडकीखाली खुर्ची टाकायची, समोर स्टूल ठेवून पाय वर घ्यायचे आणि रविवारची सकाळ उन्हात बसायचं, बस, इतकंच हवं होतं. बाई एवढीशी गोष्ट मागते आणि त्यासाठी अंतराळातला कप्तान सापडावा लागतो.

मग एका डिसेंबरात रोहेलियो कामावरून आला आणि जेवायला बसलाच नाही.

"तो सापडला," तो म्हणाला.

"कोण?"

"वेलार. चंदेरी. खांद्यांसकट."

"कुठे?"

"बेथलेहेमात."

मी म्हटलं, झालं, आता डोक्यावर परिणाम झाला. पण तसं नव्हतं. इस्ताकाल्कोमध्ये दोन्या एर्लिंदा, म्हणजे एर्लिंदाबाई, नावाच्या म्हातारीचं यंत्र दुरुस्त करायला तो गेला होता. तिने बैठकीच्या खोलीत नाताळचा गोठा मांडला होता, अर्धी खोली व्यापून. शेवाळाचं कुरण, आरशाचं तळं, तळ्यावर तळ्याहून मोठी बदकं, मेंढरांच्या कळपात एक प्लास्टिकचा डायनोसोर. आणि बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे. दोन मातीचे. तिसरा कप्तान वेलार.

त्या रविवारी आम्ही दोघं गेलो. दोन्या एर्लिंदा ऐंशीच्या घरातली, हडकुळी, अंगावर दोन खिशांचा एप्रन. तिने आम्हाला चॉकलेट घालून आटोल, मक्याच्या पिठाची गरम पेज, दिलं आणि सगळी हकीकत सांगितली. मातीचा तिसरा राजा फार वर्षांपूर्वी फुटला होता. तेव्हा तिच्या मुलाने आपला बाहुला त्याच्या जागी उभा केला. पाद्री आला, त्याने गोठ्यावर पवित्र पाणी शिंपडलं, ते याच्यावरही पडलं. तेव्हापासून हा राजा. वर्षभर वर्तमानपत्रात गुंडाळलेला असतो, डिसेंबरात बाहेर येतो. मुलगा आता टेक्सासात ट्रक चालवतो, त्याला हे आठवतही नाही.

"दोन्या, मला विकत द्या," रोहेलियो म्हणाला. "सांगाल ते देतो."

"पोरा, राजा विकतात का? गोठ्यातल्या या बाळालाही मोठेपणी एकाने विकलं होतं. पुढे त्याचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

रोहेलियोचा चेहरा पडला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"असं कर. माझ्या या बाळ येशूला धर्मबाप नाही. शेजारचा होता, तो केरेतारोला राहायला गेला. तीन वर्षं तू हो. तीन वर्षं भरली की आपण घरचेच झालो. घरच्या माणसाला विकायचं नसतं, द्यायचं असतं."

माझा नवरा चर्चमध्ये शेवटचा गेला तो आमच्या लग्नाला, आणि तेव्हाही उशिरा. त्याने तिथल्या तिथे हो म्हटलं.

धर्मबाप तो झाला आणि काम धर्मआईच्या गळ्यात आलं. नाताळच्या संध्याकाळी बाळ येशूची मूर्ती फडक्यात घालून जोजवायची, अंगाई म्हणायची, गोठ्यात निजवायचं, जमलेल्यांना खाऊ वाटायचा. मग फेब्रुवारीत कांदेलारियाच्या दिवशी त्याला उठवायचं, नवे कपडे घालायचे, चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा आणि आल्यागेल्याला तमाल खाऊ घालायचे. आलेगेले म्हणजे अख्खी गल्ली. आदल्या दिवशी मक्याच्या कणसाची पानं भिजत टाका, पीठ आणि चरबी फेसा, गोळी पाण्यावर तरंगेपर्यंत फेसा, मग एकेका पानात भरून वाफवा. हे सगळं दिवसभर इस्त्री धरलेल्या हातांनी. रोहेलियो मदतीला यायचा, म्हणजे शेजारी उभा राहून विचारायचा, तरंगतेय का.

पहिल्या वर्षी बाळाला पांढरे कपडे. ते मी दुकानातच इस्त्री केले. मालक म्हणाला, इर्मा, या गिऱ्हाइकाचं बिल कुणाच्या नावावर? दुसऱ्या वर्षी देवदूताचे, पंखांसकट. पंखांना इस्त्री होत नाही, एवढंच सुख. रोहेलियो बाळाला हातांवर घेऊन उभा राहायचा आणि नजर मात्र तिसऱ्या राजावर. दोन्या एर्लिंदा बायकांना सांगायची, "बघा तरी, राजांकडे कसा डोळे लावून बघतो. असा भाविक माणूस हल्ली मिळत नाही."

मी हसू दाबून तमाल वाढायची. पण एक सांगते, त्या घरी जायला मला वाईट वाटायचं नाही. म्हातारीच्या अंगणात ऊन असायचं. माझं वाढून झालं की ती मला हाताला धरून तिथे बसवायची.

"कोमाद्रे, पाय वर घे. घोटे बघ केवढे सुजलेत."

"सवय आहे, दोन्या."

"सवय गाढवाला असते. घे वर."

आधी ती आम्हाला पोरा-पोरी म्हणायची. दुसऱ्या वर्षापासून कोंपाद्रे आणि कोमाद्रे म्हणू लागली, तिच्या बाळाच्या नात्याने, आणि रोहेलियोही तिला कोमाद्रे म्हणू लागला. रोहेलियोने कधी कुणाला सख्खं मानलेलं मी पाहिलं नव्हतं, पण तिचं यंत्र बिघडलं की तो दुसऱ्याचं काम टाकून जायचा. राजासाठी जातो असं मी म्हणायची. तोही तसंच म्हणायचा.

तिसऱ्या नाताळला घात झाला, आणि तो त्याच्याच तोंडून झाला. गोठ्याजवळ वाकून पाहताना त्याला दिसलं की वेलारच्या डाव्या खांद्यावर शेवाळ घासून चंदेरी कण सुटलाय. मोहरीएवढा असेल. रोहेलियो पांढराफटक पडला.

"कोमाद्रे, याचा रंग उडतोय हो. जपा याला. याचा रंग गेला तर मी काय करू?"

म्हातारीने त्याचा हात थोपटला. "तू काळजी करू नको. मी बघते."

तिने बघितलं. आम्हाला काय माहीत. रोहेलियोने इंजिनियरना फोन करून कांदेलारियानंतरच्या आठवड्यात बोलावलं. मी दुकानातल्या बाईकडून तिची जुनी आरामखुर्ची मागून ठेवली. खुर्ची बोळात उभी केली होती, येताजाता तिला गुडघा लागायचा आणि मला बरं वाटायचं.

कांदेलारिया त्या वर्षी शनिवारी आली. तिसरं वर्ष म्हणून बाळाला खुर्चीवर बसवायचं, डोक्यावर मुकुट. चर्च झालं, तमाल झाले, गल्ली जेवून गेली. मग दोन्या एर्लिंदा आतून एक बुटाचा खोका घेऊन आली, वर लाल रिबीन.

"कोंपाद्रे, तू शब्द पाळलास. हा घे तुझा राजा."

रोहेलियोने रिबीन सोडली. झाकण काढलं आणि तो तसाच थांबला.

मी वाकून पाहिलं. खोक्यात रेशमी कापडावर कप्तान वेलार निजला होता. अंगभर नवा चंदेरी रंग, पदार्थ गुंडाळायच्या कागदासारखा लखलखीत. झग्याला सोनेरी किनार. ओठ लाल. आणि डोळे काचेचे, वर खऱ्या केसांच्या पापण्या.

"मेर्सेदच्या बाजारामागे नेला होता," म्हातारी सांगत होती. "जो माझ्या बाळाचे डोळे करतो ना, त्याच्याकडेच. तो म्हणाला, जुना रंग पार गेलाय, आधी सगळा घासून काढावा लागेल. म्हटलं, काढ. तू इतका हळहळला होतास त्या खांद्यासाठी. आणि इतकी वर्षं राबलाय तो माझ्या घरी. जाताना सजवून नको का पाठवायला?"

मी रोहेलियोला ओळखते. बाजारात रंगवलेला बाहुला अस्सल म्हणून दाखवणाऱ्या माणसाची त्याने गचांडी धरलेली मी पाहिली आहे. मी मनात म्हटलं, आज तोंड उघडलंस तर याद राख. म्हातारी त्याच्याकडे बघत होती, एप्रनच्या खिशात हात घालून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी.

"सुंदर झालाय, कोमाद्रे," रोहेलियो म्हणाला. "टीव्हीवरही इतका सुंदर नव्हता."

आणि त्याने वाकून तिच्या कपाळाचा मुका घेतला. मला त्या वेळी माझा नवरा फार आवडला, इतक्या वर्षांत आवडला नव्हता इतका. आणि त्याच वेळी खिडकी गेली हेही कळलं. मला रडू कोसळलं. दोन्या एर्लिंदाला वाटलं, आनंदाने रडते. तिने मला उरलेले तमाल बांधून दिले, माझेच.

बसमध्ये त्याने खोका मांडीवर धरला होता.

"वरचा रंग काढता नाही येणार?" मी विचारलं.

"खाली काही नाही. घासलाय."

"इंजिनियर?"

"ते हातही लावणार नाहीत."

"मग?"

"मग काय." तो खिडकीबाहेर बघत होता. "उद्या रविवार. बाजार आहे."

मी घरी आले, चपला काढल्या, हत्यारांच्या पेटीतून पक्कड घेतली आणि मागच्या खोलीत गेले. खिडकीपाशी जायला पेट्या बाजूला कराव्या लागत होत्या. तो मागून धावत आला.

"इर्मा, अकरा आहेत अजून. पिवळे पडतील."

"पडू देत. मी पडलेय ना."

मी पहिली पेटी उचलली. झाकण सैल होतं, ते निघालं. आतला बाहुला यानावरच्या डॉक्टरचा. तो मला आठवत होता. कारण पहिल्यांदा आणला तेव्हा त्याचा कोट इतका पांढरा होता की मी म्हटलं होतं, याला कोण धुतं. आता तो कोट दुधाच्या चहासारखा होता. मी दुसरी पेटी उघडली. तिसरी. सगळे तसेच.

"हे काय?"

रोहेलियो दारात उभा होता. मग पलंगाच्या कडेला बसला.

"अंधारातही पडतात," तो म्हणाला.

"काय?"

"पिवळे. अंधारातही पडतात, जरा सावकाश. प्लास्टिकच्या आतच असतं ते. कापडाने काही होत नाही."

"तुला कधी कळलं?"

"झाली पाच-सहा वर्षं."

"आणि मग कापड का ठेवलंस?"

त्याने वाकून डॉक्टरच्या पेटीचं झाकण पुन्हा बसवलं.

"काढलं असतं तर तू विचारलं असतंस, मग इतकी वर्षं कशाला लावलं होतंस. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाटलं, बारावा मिळेल, सगळे जातील, कापड आपोआप निघेल. तुला कळायचं कारणच नाही."

मी तापट आहे, हे आमच्या चाळीतलं कुणीही सांगेल. पण राग यायलाही अंगात बळ लागतं. पाच-सहा वर्षं मी बोळात कपडे वाळवले, तीन वर्षं तमाल वळले, ते या माणसाला मला एक वाक्य सांगायची लाज वाटली म्हणून. मी पक्कड त्याच्या हातात दिली.

"तू ठोकलेस, तू काढ."

त्याने काढले. खिळे गंजून लाकडात रुतले होते, एकेक निघताना ओरडत होता. कापड हातात येता येता फाटलं, इतकं कुजलं होतं. बाहेर तिन्हीसांज झाली होती. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसल्या आणि कुणाचीतरी चादर दिसली, दोरीवर वाळत घातलेली.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला नाही. मी उठले तेव्हा त्याने मागच्या खोलीतल्या पेट्या भिंतीकडे सरकवल्या होत्या, खिडकीची काच पुसली होती, बोळातली आरामखुर्ची आणून ठेवली होती आणि पुढे स्टूल. मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. पण मी बसले. पाय वर घेतले. ऊन आधी स्टुलावर आलं, मग घोट्यांवर, मग मांडीवर. मी ठरवलं होतं की काय काय बघायचं: गच्च्या, टाक्या, माणसं. कॉफी पुढ्यात घ्यायची. शेजारणीला हाक मारायची.

यातलं काहीच केलं नाही. मला तिथेच झोप लागली.

जागी झाले तेव्हा ऊन खोलीतून निघून गेलं होतं. खुर्ची खिडकीपासून हातभर बाजूला होती. तो मला न उठवता ऊन सरकेल तशी सरकवत राहिला असणार. आता पलंगावर बसला होता, हातात काही नव्हतं.

"उठवायचं नाही का?" मी म्हटलं. "सगळं ऊन झोपेत गेलं."

"दमली होतीस," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच म्हटलं.